उलटी प्रदक्षिणा : तांबड्या मातीतल्या ट्रॅकवरचे चार दिवस

नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली (Raleigh) शहराच्या स्टेट फेअरग्राउंड्सवर, म्हणजे राज्याच्या जत्रेच्या मैदानावर, आम्ही गेली अकरा वर्षं शनिवार-रविवारच्या जुन्या बाजाराला जातो. पितळी दिवे, मोडके रेडिओ, कुणाच्या तरी आजीच्या कपबश्या. याच आवारात अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक होता आणि ३० सप्टेंबर १९७० ला तिथे नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार-शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या सर्वात वरच्या मालिकेतली मातीवरची शेवटची शर्यत झाली, हे मला मागच्या वर्षी कळलं. ती रिचर्ड पेटीने जिंकली. त्यानंतर २०२१ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल ट्रॅकच्या काँक्रीटवर मुद्दाम माती पसरेपर्यंत, म्हणजे अर्धं शतक, त्या मालिकेला माती लागली नाही.

कळलं तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. या वर्षी अण्णा सहा महिन्यांसाठी आले आणि निमित्त मिळालं. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या सातारा वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक, गाव खटाव तालुक्यात, गळ्यात तुळशीची माळ. इथे आल्यापासून त्यांना दाखवलेली म्युझियमं आणि धबधबे त्यांनी सौजन्याने पाहिले होते. गाड्यांच्या शर्यतींचे जुने ट्रॅक बघू म्हटल्यावर मात्र चष्मा वर गेला.

"गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला चार दिवस?" बायको म्हणाली. तिने डब्यात दशम्या दिल्या आणि स्वतः येणार नसल्याचं सांगून टाकलं.

गुरुवार : हिल्सबरो, डॅनव्हिल

घरापासून पाऊण तासावर हिल्सबरो. गावाबाहेर ईनो नदीच्या काठी चव्वेचाळीस एकरांचं जंगल आहे. फाटकावर पाटी आहे, आत पायवाट आहे, आणि ती पायवाट म्हणजेच ओकोनीची स्पीडवे. ०.९ मैलांचा ट्रॅक, आपल्या हिशेबात जवळपास दीड किलोमीटर.

१९४९ मध्ये नॅसकारने पहिल्यांदा 'स्ट्रिक्टली स्टॉक' मालिका काढली. स्टॉक म्हणजे शोरूममधून आली तशी गाडी, काही न बदललेली. त्या वर्षी सगळ्या मिळून आठ शर्यती झाल्या, त्यातली तिसरी इथे, ७ ऑगस्टला. त्या मोसमातला मातीचा असा हा एकच ट्रॅक आज उरलाय, तोही जंगलाने पोटात घेतला म्हणून. त्याआधी ही जागा ज्युलियन कार नावाच्या तंबाखूवाल्या धनिकाची शेतवाडी होती आणि तिथे घोडे पळवायची धाव होती. बिल फ्रान्स, ज्याने नॅसकार उभी केली, तो विमान चालवायचा. वरून जाताना त्याला खाली ही घोड्यांची धाव दिसली आणि त्याने जागा धरली.

या भागातल्या ट्रॅकची मुळं शोधायला गेलं की बऱ्याचदा घोडाच सापडतो. जिल्ह्याच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतींसाठी अर्ध्या मैलाची अंडाकृती धाव असायची. लाकडी स्टँड असायचा, कुंपण असायचं, तिकिटाची खिडकी असायची. गाड्या आल्यावर वेगळं काही बांधायची गरजच पडली नाही. अमेरिकेतले घोडे घड्याळाच्या उलट्या दिशेने पळत, गाड्याही तशाच पळू लागल्या.

जुना काँक्रीटचा स्टँड टेकडीच्या उताराला बिलगून बसलाय. पायऱ्यांवर शेवाळ. समोर निशाण दाखवणाऱ्याचा मचाण. तिथून फेरी सुरू करायची म्हणून अण्णा सवयीने मचाण उजव्या हाताला ठेवून निघाले.

"अण्णा, त्या बाजूने नाही. गाड्या डावीकडे वळायच्या."

ते थांबले. "म्हंजे उलटी प्रदक्षिणा?"

"उलटीच."

"बरं," म्हणाले, आणि वळले.

वळणांवर कड अजून उचललेली आहे. पायाला जाणवते; डावा पाय खाली, उजवा वर. दोन्ही बाजूंना पाईन आणि सिकॅमोर वाढलेत. तांबडी माती पालापाचोळ्याखाली, पण जिथे पाण्याने धुपलीय तिथे विटेसारखी लाल. अण्णांनी चिमूटभर घेतली, थुंकी लावून बोटांत मळली. "चिकण हाय. वली असली की धरंल, वाळली की काच." अगदी बरोबर होतं. मातीच्या ट्रॅकवर शर्यतीआधी पाणी मारतात. सुरुवातीला टायर धरतात, मग माती घोटून गुळगुळीत होते आणि गाडी वळणात आडवी घसरत न्यावी लागते. तोंड आतल्या बाजूला, पुढची चाकं बाहेरच्या बाजूला. ज्याला घसरणं जमतं तो जिंकतो.

हा ट्रॅक बंद पडला तो अपघाताने नाही, पैशानेही नाही. रविवारी शर्यती नकोत म्हणून गावातल्या पाद्र्यांनी विरोध लावून धरला. १५ सप्टेंबर १९६८ ला शेवटची शर्यत झाली (पुन्हा पेटीच), फ्रान्सने गाशा गुंडाळला आणि पुढच्या वर्षी अलाबामात टॅलाडेगा इथे २.६६ मैलांचा अवाढव्य ट्रॅक उघडला.

अर्धी फेरी झाली असेल, मागच्या सरळ भागात एक आडवा पडलेला पाईन होता, तिथवर आलो आणि आभाळ फाटलं. छत्री गाडीत. आलो त्याच वाटेने पळत परत. अण्णा चिंब, आणि वैतागलेले. पावसावर नाही. "फेरी अर्धवट ऱ्हायली."

हिल्सबरोहून ८६ नंबरचा रस्ता सरळ उत्तरेला डॅनव्हिलला जातो. तंबाखूची शेतं, पडकी कोठारं, मग व्हर्जिनियाची पाटी. डॅनव्हिलमध्ये मला एकच गोष्ट बघायची होती, वेंडेल स्कॉट ड्राइव्ह नावाचा रस्ता. साधी वस्ती, साधी घरं.

वेंडेल स्कॉट कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात लष्करात गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन टॅक्सी चालवली, गॅरेज काढलं आणि रात्री हातभट्टीची दारू वाहिली. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या जत्रेच्या ट्रॅकवर गर्दी वाढवायला एखादा काळा ड्रायव्हर हवा म्हणून संयोजक पोलिसांकडेच गेले. कोण जोरात चालवतो हे पोलिसांइतकं कुणाला ठाऊक असणार? पोलिसांनी स्कॉटचं नाव दिलं.

वर्णद्वेषाचे नियम लागू असलेल्या दक्षिणेत हा माणूस स्वतः बांधलेल्या गाडीने, पोरांना मदतनीस म्हणून बरोबर घेऊन, वरच्या मालिकेत ४९५ शर्यती पळाला. १४७ वेळा पहिल्या दहांत आला. जिंकला एकदाच, १ डिसेंबर १९६३ ला, फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. पण निशाण दाखवलं गेलं बक बेकर नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, फेऱ्या मोजण्यात चूक झाली असं कबूल करून स्कॉटला विजेता ठरवलं. करंडक काही मिळाला नाही. स्कॉट १९९० मध्ये गेला. घरच्यांच्या हातात करंडक पडला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी.

मी हे गाडीत सांगत होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळाने म्हणाले, "मोजणाऱ्याला दिसला नसंल व्हय?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "दिसला असणार."

शुक्रवार : मार्टिन्सव्हिल, लेव्हल क्रॉस

मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक गावाच्या दक्षिणेला, रिजवेजवळ. मोसमात इथे दोनदाच मोठी शर्यत असते. आज मोकळे पार्किंग, गवत कापणारा एक माणूस, आणि मागच्या बाजूने जाणारी मालगाडी. आत गेलो नाही, बाहेरून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. अण्णांना कागदावर आकार काढून दाखवला. कागदाला लावायची क्लिप असते तसा: दोन लांब सरळ भाग आणि टोकांना दोन आवळलेली वळणं. लांबी ०.५२६ मैल, साडेआठशे मीटरच्या आसपास.

हा ट्रॅक क्ले अर्ल्स नावाच्या माणसाने ७ सप्टेंबर १९४७ ला उघडला, म्हणजे नॅसकार जन्मायच्या आधी. पाच हजार बसतील असा बेत होता. त्या दिवशी खुर्च्या तयार होत्या ७५० आणि तिकीट काढून आले ६,०१३. रविवार होता. लोक चर्चमधून थेट आले, चांगल्या कपड्यांत. ट्रॅक मातीचा. पहिल्या काही फेऱ्यांतच सगळ्यांचे कपडे एका रंगाचे झाले. अर्ल्सने धडा घेतला असावा, कारण १९५५ मध्ये त्याने ट्रॅकवर डांबर टाकलं, आणि वळणांत गाड्या डांबर उखडू लागल्या तेव्हा १९७६ मध्ये फक्त वळणांत काँक्रीट. आजही सरळ भाग डांबरी, वळणं काँक्रीटची.

इथे जिंकणाऱ्याला करंडक मिळत नाही. पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ मिळतं. हा सगळा पट्टा फर्निचरच्या कारखान्यांचा. अर्ल्सने १९६४ मध्ये स्थानिक घड्याळ द्यायची प्रथा काढली, पहिलं फ्रेड लॉरेन्झनला मिळालं. एकट्या पेटीकडे अशी बारा घड्याळं. "बारा घड्याळं एका घरात?" अण्णा म्हणाले. "बाराला काय गलका व्हत असंल."

इथला हॉट डॉगही नावाजलेला. गडद गुलाबी सॉसेज, वर चिली (मांसाचा घट्ट रस्सा), कोबी, कांदा. शर्यत नसल्याने दुकान बंद, त्यामुळे माळकरी वडिलांसमोर तो खावा की नाही हा प्रश्न सुटला. दशम्या खाल्ल्या.

२२० नंबरच्या रस्त्याने खाली, ग्रीन्सबरो ओलांडून लेव्हल क्रॉस. नकाशात नीट सापडणार नाही एवढंसं गाव. इथे पेटी कुटुंबाचं घर आणि गॅरेज, आता म्युझियम. मला इथे तास लागेल असं वाटलं होतं. आम्ही साडेतीन तास होतो.

लेकाने आपल्या बापाला लहान मूल झालेलं बघावं असा तो वेळ होता. अण्णा इंजिनांसमोर हात मागे बांधून उभे राहात, वाकत, ओठांनी काहीतरी मोजत. एका चिरलेल्या इंजिनासमोर त्यांनी मला व्हॉल्व्ह कसे उघडतात ते पंधरा मिनिटं समजावलं. शेजारचं एक अमेरिकन जोडपं मराठीतून ते सगळं ऐकत उभं होतं आणि शेवटी त्या बाईंनी मान डोलावली.

पेटींची गोष्ट सुरू होते १९ जून १९४९ ला, शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत. बाप ली पेटी एक ब्यूक मागून आणून पळवत होता. ती त्याने उलटवली. अकरा वर्षांचा रिचर्ड प्रेक्षकांत. जायला गाडी होती, यायला नव्हती. यातून एखाद्या घराने कानाला खडा लावला असता. पुढे याच पोराने दोनशे शर्यती जिंकल्या, सात अजिंक्यपदं मिळवली. १९६७ या एका वर्षात सत्तावीस विजय, त्यातले दहा ओळीने. त्या गाड्यांचा तो फिकट निळा रंगही नाइलाजातून आल्याचं सांगतात: निळा पुरेना, पांढरा पुरेना, दोन्ही एकत्र केले.

पण त्याच पहिल्या शर्यतीतली दुसरी गोष्ट अण्णांना जास्त आवडली. ३३ गाड्या होत्या. पहिला आला ग्लेन डनवे, १९४७ च्या फोर्डमध्ये. तपासणीत मागचे कमानपाटे पसरवून कडक केलेले निघाले. गाडी दारू वाहणाऱ्याची होती. मागे बाटल्यांचा माल भरला तरी गाडी बसू नये म्हणून पाटे कडक करत. गाडी खाली बसली की पोलिसांना लांबूनच कळायचं. त्याचाच वळणातही फायदा, गाडी कलत नाही. डनवे बाद झाला आणि तीन फेऱ्या मागे असलेल्या जिम रोपरला दोन हजार डॉलर मिळाले. गाडीमालक कोर्टात गेला. ग्रीन्सबरोच्या न्यायाधीशाने दावा फेटाळला. नियम करायचा आणि मोडणाऱ्याला बाद करायचा हक्क नॅसकारचा, हे त्यामुळे पक्कं झालं.

"मग पाटे कडक केल्याशिवाय लोड कसा वढायचा?" अण्णा. "आमी मल्हारपेठच्या गाडीला दोन पानं जादा घालायचो. वरून लिवून आलं, घालू नका. आमी म्हटलं, या आन् चालवून दावा."

रात्री विन्स्टन-सेलमच्या मोटेलात मी त्यांना विचारलं, गाडी कायम डावीकडे वळवायची तर काय काय कराल? त्यांनी कॉफीचा कागदी पेला टेबलावर आडवा ठेवला आणि ढकलला. तोंडाची बाजू रुंद, बुडाची अरुंद. पेला गोल फिरून त्यांच्याकडे परत आला. "उजवं चाक मोठं ठेवायचं. हाय काय त्यात."

ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, हेच करतात. उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा काही इंचांनी जास्त ठेवतात, त्याला स्टॅगर म्हणतात. गाडीचं जास्तीत जास्त वजन डावीकडे ढकलतात. स्प्रिंगवरचा एक स्क्रू पान्याने फिरवून कोणत्या चाकावर किती भार ते शर्यतीच्या मध्येही बदलतात. सरळ रस्त्यावर अशी गाडी चालवली तर ती डावीकडच्या खड्ड्यात जाईल. बायकोला पेल्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "कॉफी सांडली का?"

शनिवार : नॉर्थ विल्क्सबरो, बोमन ग्रे

सकाळी ४२१ नंबरच्या हायवेने पश्चिमेला तासभर. डोंगर जवळ येऊ लागतात. याच रस्त्याच्या एका टप्प्याला ज्युनियर जॉन्सनचं नाव दिलंय, आणि हा विनोद सरकारने मुद्दाम केला असावा, कारण रात्री दिवे मालवून याच रस्त्यांवर तो दारू वाहायचा.

विल्क्स काउंटी एकेकाळी हातभट्टीची राजधानी म्हणवून घ्यायची. यात काही रासवटपणा नव्हता, हिशेब होता. डोंगराळ जमीन, पीक मक्याचं, बाजार लांब, रस्ते वाईट. मका गाडीभर नेला तर भाडंही सुटेना. तोच मका आणि साखर आंबवून, ऊर्ध्वपातन करून काचेच्या बरण्यांत भरला की तेवढ्याच गाडीत वर्षाचा खर्च निघायचा. फक्त कर चुकवलेला असायचा. आपल्याकडे काळा गूळ आणि नवसागर, इथे मका आणि साखर. साखरेचं महत्त्व इतकं की जॉर्जियाचा लॉइड सी हा देखणा, तरणा ड्रायव्हर १९४१ मध्ये अटलांटाची मोठी शर्यत जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी साखरेच्या उधारीवरून नात्यातल्या एका भावाने त्याला गोळी घातली. त्याच्या थडग्यावर गाडी कोरलीय आणि तिच्या खिडकीत त्याचा फोटो बसवलाय.

दारू वाहणाऱ्यांत मग आपापसांत पैजा लागल्या, कुणाची गाडी पळते. कुणाच्या तरी शेतात धाव आखली गेली. लोक बघायला जमले. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पुसेगावच्या यात्रेतलं छकड्यांचं मैदान ज्याने बघितलंय त्याला शेतकऱ्याची पैज आणि तिकिटाची खिडकी यांच्यामधलं अंतर किती कमी असतं ते ठाऊक असतं.

जॉन्सन चौदाव्या वर्षापासून बापाचा माल वाहायचा. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. १९५६ मध्ये सापडला तो बापाच्या भट्टीपाशी, पायी. ओहायोच्या तुरुंगात अकरा महिने काढले, परत येऊन पुन्हा पळू लागला. कारकिर्दीत एकूण पन्नास शर्यती जिंकल्या, त्यात १९६० ची डेटोना ५००, या मालिकेतली सर्वात मानाची शर्यत, सुद्धा. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी माफी दिली. पहिल्या शर्यतीला तो आला तो खेचर जोडून नांगरत असताना, अनवाणी, भावाने हाक मारली म्हणून, असं सांगतात.

ती शर्यत इथलीच, नॉर्थ विल्क्सबरोची. एनॉक स्टेली आणि भागीदारांनी १९४७ मध्ये ट्रॅक काढला. हाताशी होते दीड हजार डॉलर. जमीन सपाट करायच्या आधीच पैसे संपले, अशी इथली आवडती कथा. म्हणून समोरचा सरळ भाग उताराचा आणि मागचा चढाचा. ०.६२५ मैल, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, पण दर फेरीला एक छोटा घाट उतरायचा आणि चढायचा. पैसे असते तर आणखी एक सपाट ट्रॅक झाला असता आणि मी इथे आलो नसतो. गोल म्हणजे गोल, असं बाहेरून वाटतं. मार्टिन्सव्हिल बघून इथे आलात की ते डोक्यातून जातं. दक्षिण कॅरोलिनात डार्लिंग्टनचा ट्रॅक तर एका शेतकऱ्याला माशांचं तळं बुजवायचं नव्हतं म्हणून एका टोकाला चिंचोळा झाला. अंड्यासारखा, आणि तसाच १९५० पासून आजपर्यंत.

विल्क्सबरो मेला तो १९९६ मध्ये. स्टेली आदल्या वर्षी गेला होता. दोन मोठ्या ट्रॅकमालकांनी हिस्सा घेतला, इथल्या दोन तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला हलवल्या. २९ सप्टेंबरला जेफ गॉर्डन जिंकला आणि कुलूप लागलं. डांबरातून झाडं उगवली. डिसेंबर २०१९ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर या नावाजलेल्या ड्रायव्हरने स्वयंसेवक जमवून गवत उपटलं, ते शर्यतीसाठी नव्हे, संगणकावरच्या खेळासाठी ट्रॅकचं लेझरने मोजमाप घ्यायचं म्हणून. निदान पडद्यावर तरी राहील, हा हेतू. पुढे राज्याने कोविडनंतरच्या केंद्राच्या मदतनिधीतून १.८ कोटी डॉलर दिले, ऑगस्ट २०२२ मध्ये छोट्या मालिकांच्या शर्यती झाल्या आणि मे २०२३ मध्ये सगळ्या मोठ्या ड्रायव्हरांची ऑल-स्टार शर्यत. काइल लार्सन जिंकला. डांबर तेव्हाही १९८१ चंच होतं.

आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. जुन्या, विटक्या पाट्या तशाच ठेवल्यात, नवी रंगरंगोटी हुशारीने टाळलीय. २०२४ मध्ये स्टँडच्या पायऱ्यांखाली सातशे चौरस फुटांची पोकळी सापडली. भट्टी होती म्हणतात; पुरावा नाही, पण विल्क्समध्ये दुसरं काय असणार, असा एकूण सूर. अण्णा म्हणाले, "स्टँडखाली भट्टी असंल तर तिकीट फुकट ठिवायला परवडत असंल." माळेला हात लावून हसले.

दुपारी परत विन्स्टन-सेलम. संध्याकाळी बोमन ग्रे.

आता याला ट्रॅक म्हणावं का हाच प्रश्न. हे शहराचं फुटबॉल स्टेडियम, मंदीच्या काळात रोजगार योजनेतून बांधलेलं. मैदानाभोवती धावपटूंसाठी असावा तसा पाव मैलाचा, म्हणजे चारशे मीटरचा पट्टा. अगदी सपाट, वळणांना कड नाही. १९४९ मध्ये बिल फ्रान्स आणि अल्विन हॉकिन्सनी त्यावर गाड्या सोडल्या आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी त्या अजून पळतातच. शरद ऋतूत इथेच विद्यापीठाचा फुटबॉल संघ खेळतो. लोक याला 'मॅडहाउस' म्हणतात.

वरची मालिकाही इथे १९५८ पासून १९७१ पर्यंत यायची. पेटीचा शंभरावा विजय इथलाच, १९६९ चा. मालिका इथे यायची का थांबली याचं उत्तर याच गावात आहे. १९७१ च्या सुरुवातीला टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. इथल्या तंबाखू कंपनीकडे पैसा पडून. ज्युनियर जॉन्सन त्यांच्याकडे आपल्या एका गाडीसाठी मदत मागायला गेला, तर त्यांनी अख्खी मालिकाच पुरस्कृत केली. मोठा पैसा आला, मोठ्या शर्यती हव्या झाल्या. १९७१ मध्ये ४८ शर्यती होत्या, १९७२ मध्ये ३१. गळल्या त्या बहुतेक लहान गावांच्या लहान शर्यती: हिकरी, साउथ बॉस्टन, बोमन ग्रे. गंमत अशी की बोमन ग्रे हे नावच त्या तंबाखू कंपनीच्या जुन्या अध्यक्षाचं.

पण ट्रॅक बंद पडला नाही. शहराच्या मालकीचा, त्यामुळे विकून टाकणारं कुणी नव्हतं. आणि दर शनिवारी गावातलेच लोक गावातल्याच लोकांना बघायला येत राहिले. मला विचाराल तर विल्क्सबरो आणि इथल्यात हाच फरक. तिकडे वर्षात दोनदा जग यायचं. इथे शनिवारी शेजारी येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये वरची मालिका एका शर्यतीपुरती परत आली, चेस एलियट जिंकला, पण आमच्या पुढच्या बाकावरच्या आजीबाईंना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांचा नातू चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत होता.

आम्ही तिसऱ्या वळणाच्या वर बसलो. अण्णांच्या हातात सॉसेज काढून टाकलेला हॉट डॉग: पाव, कोबी, मोहरी. विक्रेत्याने दोनदा विचारून खात्री केली होती. कानात घालायची बोंडं मी घरी विसरलो. आजीबाईंनी पर्समधून दोन जोड्या काढून दिल्या.

आणि मग मॉडिफाइड गाड्या आल्या. ठेंगण्या, चाकं अंगाबाहेर, मागचे टायर पिंपासारखे. वीस-बावीस गाड्या त्या एवढ्याशा पट्ट्यावर शेपटाला तोंड लावून. हिरवं निशाण पडलं आणि आवाज कानात न येता छातीत आला. बाकाची फळी थरथरत होती, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती. मी पेला अण्णांना दाखवला. ते बघेनात. त्यांचं लक्ष एका पिवळ्या गाडीवर खिळलं होतं.

कड नाही म्हणून वळणात आत एकच चांगली वाट. ती धरून बसलेल्याला काढायचं तर त्याच्या मागच्या बंपरला हळूच नाक लावायचं, त्याचं बूड हलवायचं आणि तो बाहेर सरकला की आत घुसायचं. निळ्या गाडीने पिवळीला तसं केलं. पाच फेऱ्यांनी पिवळीने निळीला तसं केलं, जरा जास्तच. निळी आडवी झाली, मागच्या तीन तिच्यावर. पिवळं निशाण, म्हणजे सगळ्यांनी हळू. निळ्यातला ड्रायव्हर हेल्मेट काढून ट्रॅकच्या कडेला उभा राहिला, आणि पिवळी मागून संथ फिरत आली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी जे काही सांगितलं ते भाषांतर न करता अण्णांना कळलं. अर्धं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडलं, अर्ध्याने हुर्यो केली. आजीबाई दोन्ही करत होत्या.

"पिवळीचं उजवं पुढचं चाक बघ," अण्णा माझ्या कानाशी येऊन ओरडले. "वळणात दाबून बसतंय. त्येनं पाना फिरवाय पायजे व्हता. आता म्होरं सरळ जाईल." आठ फेऱ्यांनी पिवळी वळायची सोडून बाहेरच्या कठड्याकडे सरकली आणि एकामागोमाग चार गाड्या आतून निघून गेल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अकराला बाहेर पडलो. पार्किंगमध्ये निळीवाल्याचा आणि पिवळीवाल्याचा गोतावळा शेजारीशेजारी खुर्च्या टाकून बसला होता.

रविवार

उठायला उशीर. अण्णांच्या पांढऱ्या टोपीवर रबराचे काळे कण, ते झटकले की पसरत होते, म्हणून तसेच ठेवले. चाळीस नंबरच्या हायवेने घराकडे. रविवार सकाळ, रस्ता मोकळा, चर्चांची पार्किंगं भरलेली.

हिल्सबरोची पाटी दिसली आणि अण्णांनी नुसतं बोट दाखवलं.

जंगल अजून ओलं होतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या, त्याही बरोबर दिशेने. मचाणापासून निघालो, पहिलं वळण, दुसरं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आडव्या पाईनपाशी आल्यावर थांबले, काठी जमिनीत टेकवली.

"हितनं म्होरं मोजायचं."

मग चालले. मागचा उरलेला सरळ भाग, तिसरं वळण, चौथं. उजवा पाय वर, डावा खाली. नदीचा आवाज आला आणि मागे पडला. स्टँडच्या पायऱ्या दिसू लागल्यावर त्यांचा वेग वाढला, दमा असूनही. मचाणाखाली पोहोचले, वर कुणीच नव्हतं, तरी एकवार वर बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ.

"गुरवारी किती वाजता निघालो व्हतो?"

"दहा वाजून दहा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तीन दिस अडीच तास," म्हणाले. "एका फेरीला."

आणि खिशातून रुमाल काढून काँक्रीटच्या पायरीवर पसरून बसले.